सरासरी बरोबर, पिस्टन जळालेला: आयटीबी ट्यून करताना नक्की काय बघायचं

(आजच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, आकडे नीट दिसावेत म्हणून वाक्यं जरा सरळ केलीत. बाकी जसं बोललो तसंच.)

लोकलच्या गर्दीत ऐकू येत नसेल तर निवांत हे वाचा, काही बिघडत नाही.

आजचा विषय इंडिव्हिज्युअल थ्रॉटल बॉडी, थोडक्यात आयटीबी. त्याची रील तुम्ही नक्की बघितली असणार. बॉनेट उघडं, इंजिनाच्या अंगावर ओळीनं चार चकचकीत तुताऱ्या, कोणीतरी रेस देतं आणि तो करकरीत आवाज थेट छातीत घुसतो. खाली कमेंट ठरलेली: ‘भावा, माझ्या गाडीला बसेल का?’

बसेल. मॅनिफोल्ड मिळालं आणि चार बोल्ट आवळले की बसतंच. अवघड काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्याबद्दल रीलमध्ये कोणी बोलत नाही. चार थ्रॉटल लावले की एका इंजिनाची तुम्ही चार छोटी इंजिनं केलेली असतात. प्रत्येकाचं नाक वेगळं, प्रत्येकाचा श्वास वेगळा. गाडीतले बहुतेक सेन्सर मात्र तुम्हाला चौघांची मिळून सरासरी सांगतात. स्क्रीनवर सरासरी छान दिसत असते आणि त्याच वेळी एखादा पिस्टन आत भाजून निघत असतो. आजच्या भागातली ही एक गोष्ट लक्षात ठेवा. बाकी सगळं तिच्याच भोवती फिरतं.

आधी, हे असतं काय?

साध्या गाडीत एकच थ्रॉटल असतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, त्यातली चकती, म्हणजे बटरफ्लाय, फिरते आणि हवा आत येते. ती आधी एका मोठ्या डब्यात जाते. त्याला प्लेनम म्हणतात. तिथून वेगवेगळ्या पाइपांतून ती प्रत्येक सिलिंडरकडे जाते.

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. खाली मेन व्हॉल्व्ह उघडला तरी टाकी भरल्याशिवाय चौथ्या मजल्यावरच्या नळाला पाणी येत नाही. प्लेनम ही तशी हवेची टाकी. आयटीबीमध्ये ही टाकीच काढून टाकतात. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी, व्हॉल्व्हपासून जेमतेम वीतभर अंतरावर, त्याचा स्वतःचा थ्रॉटल. नळ उघडला की लगेच पाणी.

हे काही परग्रहावरचं तंत्र नाही बरं का. आपल्या चाकणच्या कारखान्यात बनणारी केटीएम ३९० घ्या. एक सिलिंडर, एक थ्रॉटल बॉडी. त्या एका सिलिंडरपुरतं ते आयटीबीच झालं. रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनला दोन सिलिंडर आणि दोन थ्रॉटल बॉडी. चार सिलिंडरच्या सुपरबाइकला चार. बाइकच्या जगात ही रोजची गोष्ट आहे.

गाड्यांमध्ये ती कमी दिसते, कारण खर्च आणि कटकट दोन्ही जास्त. तरी नावं मोठी आहेत. १९८६ ची बीएमडब्ल्यू एम३, चार सिलिंडर, चार थ्रॉटल. तिची नातवंडं शोभावी अशी ई४६ एम३, सहाला सहा. २०२१ ची पोर्श ९११ जीटी३, सहा थ्रॉटल आणि ९,००० आरपीएम. आणि गरिबांची लाडकी टोयोटा ४ए-जीई, तिचं २० व्हॉल्व्हवालं रूप. फक्त १,५८७ सीसी, सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह, चार थ्रॉटल, आणि १९९५ नंतरच्या ‘ब्लॅकटॉप’ आवृत्तीत टर्बोशिवाय १६५ पीएस. म्हणजे लिटरमागे शंभरच्या वर, आणि तेही कंपनीतून बाहेर पडतानाच. म्हणूनच जपानमधली पोरं हे इंजिन काढून ऐंशीच्या दशकातल्या मागच्या चाकांनी पळणाऱ्या एई८६ मध्ये बसवायला लागली. आज उदाहरणासाठी असंच एक चार सिलिंडरचं रेस इंजिन डोळ्यांसमोर ठेवू.

फायदा येतो कुठून?

तीन ठिकाणांहून.

पहिला, रिस्पॉन्स. पेडल हललं की इंजिन हललं. मध्ये टाकी भरायची वाट बघायची नाही. कॉर्नरमधून बाहेर पडताना ड्रायव्हरला हेच हवं असतं.

दुसरा फायदा फार लोकांना माहीत नसतो. रेस इंजिनाचा कॅमशाफ्ट असा असतो की इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही क्षण दोन्ही उघडे राहतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. कमी आरपीएमला या ओव्हरलॅपमध्ये जळलेला वायू उलटा इनटेकमध्ये ढकलला जातो. सामायिक प्लेनम असेल तर एका सिलिंडरची ही ढेकर शेजारच्याच्या नाकात जाते आणि इंजिन खोकायला लागतं. आयटीबीमुळे प्रत्येकाचा मामला त्याच्याच पाइपात राहतो. त्यामुळे कडक कॅम वापरूनही इंजिन खालच्या आरपीएमला माणसात राहतं.

तिसरा फायदा लाटांचा. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, तेव्हा कमी दाबाची एक लाट पाइपातून वर जाते. तुतारीच्या उघड्या तोंडाशी पोचली की ती उलटते आणि जास्त दाबाची लाट होऊन परत खाली येते. व्हॉल्व्ह बंद होण्याच्या जरा आधी ती पोचली, तर थोडी जास्तीची हवा फुकटात आत ढकलते.

गणित करून बघू. व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंत ३०० मिलिमीटर. जाऊन येऊन ६०० मिलिमीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर धरला तर लाटेला सुमारे १.७५ मिलिसेकंद लागतात. ८,००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक सुमारे ८४ अंश फिरतो. ४,००० ला फक्त ४२ अंश. लाट तीच, पाइप तोच, पण ४,००० ला ती फार लवकर पोचते आणि तिचा उपयोग होत नाही. खऱ्या इंजिनात लाट एकापेक्षा जास्त वेळा ये-जा करते, त्यामुळे हिशेब गुंतागुंतीचा होतो. पण नियम साधा: तुतारी आखूड केली की ताकद वरच्या आरपीएमला सरकते, लांब केली की खाली येते.

फॉर्म्युला वनवाल्यांनी यावर मोठं डोकं लावलं होतं. व्ही१० इंजिनांच्या काळात त्यांच्या तुताऱ्या धावताना लांब-आखूड व्हायच्या. २००६ मध्ये २.४ लिटरची व्ही८ इंजिनं आली तेव्हा नियमांनी ते बंद केलं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर जी इंडियन ग्रां प्री झाली, तिथे हीच व्ही८ इंजिनं १८,००० आरपीएमच्या मर्यादेत किंचाळत होती. टर्बो नाही, प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा थ्रॉटल. ज्यांनी तो आवाज प्रत्यक्ष ऐकलाय त्यांना आजचा विषय वेगळा समजवायची गरज नाही.

पहिली अडचण: सेन्सर आंधळा होतो

इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, एकच मुख्य प्रश्न असतो. आत्ता सिलिंडरमध्ये हवा किती गेली? ते कळलं की तेवढं पेट्रोल सोडायचं.

साध्या गाडीत प्लेनममध्ये एक प्रेशर सेन्सर असतो, मॅप सेन्सर. टाकी मोठी, त्यामुळे प्रेशर शांत आणि वाचायला सोपं. आयटीबीमध्ये टाकीच नाही. एका सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश वेळ उघडा असतो. उरलेल्या वेळात थ्रॉटलमागची ती छोटीशी जागा बाहेरच्या हवेनं पुन्हा भरून जाते. सेन्सरला दिसतं काय, तर करवतीच्या दातांसारखं वर-खाली. पेडल अजून अर्धंही दाबलेलं नसतं आणि सेन्सर म्हणायला लागतो, ‘बाहेरच्या हवेइतकं प्रेशर झालं.’ तिथून पुढे फुल थ्रॉटलपर्यंत त्याचा आकडा फारसा हलत नाही. त्याच्या भरवशावर पेट्रोल ठरवायचं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून घाट चढणं.

म्हणून रेसमध्ये दुसरी पद्धत वापरतात, अल्फा-एन. अल्फा म्हणजे थ्रॉटलचा कोन, एन म्हणजे आरपीएम. या दोघांचा एक मोठा तक्ता करायचा. इतका कोन, इतके आरपीएम, तर इतकं पेट्रोल. हवा मोजायची नाही, ती किती असेल हे डायनोवर एकदा शोधून लिहून ठेवायचं. काही ईसीयूंमध्ये मधला मार्गही असतो. मेगास्क्वर्ट ३ मध्ये आयटीबीसाठी खास मोड आहे, तो मॅप सेन्सर कामाचा असेपर्यंत त्याचं ऐकतो आणि त्यानंतर थ्रॉटलच्या कोनाकडे वळतो. त्यासाठी चारही पाइपांतून बारीक नळ्या काढून एका छोट्या डबीत आणायच्या आणि सेन्सर त्या डबीला जोडायचा.

अल्फा-एनमध्ये एक मोठं भोक आहे, आणि आपल्याकडच्या रेसरनं ते समजूनच घ्यायला हवं. या पद्धतीला समुद्रसपाटी आणि डोंगर यातला फरक कळत नाही. समजा, गाडी पुण्यात ट्यून केली. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. तिथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल. आता तीच गाडी ट्रेलरवर टाकून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली. तिथे दाब सुमारे १०१. त्याच कोनाला, त्याच आरपीएमला जवळजवळ सात टक्के जास्त हवा आत जाणार. तक्ता मात्र पुण्याचंच पेट्रोल सोडणार. मिक्स्चर सात टक्क्यांनी लीन. पुण्यात लॅम्डा ०.८८ होता तो तिथे ०.९४ झाला, तोही चेन्नईच्या उन्हात आणि फुल थ्रॉटलवर.

उपाय साधा आहे. बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा बॅरो सेन्सर आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर, आणि दोन्हींची दुरुस्ती ईसीयूमध्ये चालू. हा पैसा वाचवू नका.

पाना हातात, लॅपटॉप बंद

आता ट्यूनिंग. बरेच जण थेट लॅपटॉप उघडतात. थांबा. आधी इंजिन निरोगी आहे का ते बघा. टॅपेट सेटिंग, कम्प्रेशन, प्लग, कॉइल. चारातला एक सिलिंडर मुळातच कम्प्रेशनला कमी असेल तर तुम्ही थ्रॉटल जुळवत बसाल आणि दोष भलतीकडेच असेल.

मग हवेची गळती. मॅनिफोल्डचं गॅस्केट, थ्रॉटलच्या शाफ्टच्या बाजू, व्हॅक्यूमच्या नळ्यांची टोकं. तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनरचा फवारा मारून गळती शोधायची सवय अनेकांना असते. तो पेट घेतो. धुराच्या मशीननं टेस्ट करून घ्या, थोडे पैसे जातील पण बॉनेट शाबूत राहील.

यानंतर सिंक, म्हणजे चारही थ्रॉटल एकसारखे करणं. याला एवढं महत्त्व का, ते पुन्हा गणितानं बघू. बटरफ्लाय जितकी फिरते त्या प्रमाणात हवेची वाट उघडत नाही. सोप्या भूमितीनं, चार अंश उघडलेल्या चकतीपेक्षा पाच अंश उघडलेली चकती ५६ टक्के जास्त वाट देते. पण ४० ऐवजी ४१ अंश असेल, तर फरक पाच टक्केसुद्धा नाही. चूक एकाच अंशाची. वर ती पोटात जाते, खाली आयडलला ती सगळा खेळ बिघडवते. म्हणूनच आयटीबीच्या गाड्या आयडलला आणि हलक्या पेडलवर सगळ्यात जास्त रडतात.

क्रम असा ठेवा.

एक: इंजिन बंद, लिंकेजमधली ढिलाई काढा. पेडल दाबताच चारही चकत्या एकाच क्षणी हलायला हव्यात. पातळ फिलर गेज प्रत्येक चकतीखाली सरकवून अडकण्याची भावना सारखी आहे का बघा.

दोन: कोणालातरी पेडल पूर्ण दाबायला लावा आणि वरून तुतारीत डोकावून बघा. चकत्या हवेच्या वाटेत अगदी सरळ उभ्या राहतात का? पेडल संपलं आणि चकती अजून तिरकी, हे फार गाड्यांत सापडतं. ती ताकद तुम्ही विकत घेतलेली असते, फक्त वापरत नसता.

तीन: थ्रॉटल पोझिशन सेन्सरला शून्य आणि शंभर टक्के शिकवा. अल्फा-एनमध्ये हा सेन्सर म्हणजे ईसीयूचा डोळा. तो सैल असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

चार: इंजिन पूर्ण गरम करा. ॲल्युमिनियम तापून फुगतं, लिंकेज थोडं सरकतं, थंड इंजिनावरचं सिंक गरम झाल्यावर टिकत नाही.

पाच: प्रत्येक थ्रॉटलला असलेले बायपास स्क्रू, म्हणजे बंद चकतीला वळसा घालून थोडी हवा सोडणारे, पूर्ण बंद करा. मग तुतारीच्या तोंडावर सिंक्रोमीटर धरा, किंवा चारही पाइपांना व्हॅक्यूम गेज लावा. ज्या थ्रॉटलला केबल आणि सेन्सर जोडलाय त्याला मुख्य माना आणि बाकीचे तीन लिंकेजच्या स्क्रूनं त्याच्याशी जुळवा. उरलेला बारीक फरक शेवटी बायपासनं काढा.

सहा: पेडलनं २,५०० ते ३,००० आरपीएमला धरून पुन्हा मोजा. आयडलला सारखं आणि वर वेगळं दिसलं तर लिंकेज चुकलंय आणि बायपासनं तुम्ही ते झाकलंय. परत पायरी एक.

कंटाळवाणं वाटलं ना? एक अख्खी दुपार जाते. पण हे केल्याशिवाय डायनोवर घातलेला प्रत्येक तास वाया जातो, कारण चार वेगळ्या श्वासांना तुम्ही एकच तक्ता शिकवत असता.

आता पेट्रोल

तक्ता बनवताना कोनाच्या पायऱ्या समान अंतरावर ठेवू नका. आत्ताच पाहिलं की सगळी धावपळ पहिल्या काही अंशांत होते. म्हणून ०, १, २, ३, ५, ८, १२, १८, २५, ४०, ६०, १०० टक्के अशा पायऱ्या ठेवा. खाली दाट, वर विरळ.

मिक्स्चरबद्दल बोलताना ‘चौदा पूर्णांक सात’ हा आकडा विसरा. तो निव्वळ पेट्रोलचा. आपल्याकडे पंपावर ई२० मिळतं, त्यात इथेनॉल असल्यामुळे तोच समतोल साडेतेराच्या आसपास येतो. लॅम्डामध्ये बोला म्हणजे इंधन कुठलंही असो, १ म्हणजे समतोल, १ च्या खाली रिच, वर लीन. फुल थ्रॉटलला नॅचरली ॲस्पिरेटेड रेस इंजिन साधारण ०.८६ ते ०.९० मध्ये ठेवतात.

आयडलला मात्र लॅम्डा सेन्सरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कडक कॅममुळे एखादा स्फोट चुकला की न जळलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, म्हणून तो ‘लीन आहे’ म्हणतो. तुम्ही पेट्रोल वाढवता, आणखी स्फोट चुकतात, तो आणखी लीन म्हणतो. शेवटी प्लग काळेकुट्ट आणि इंजिन बंद. आयडलला कान, आरपीएमची स्थिरता आणि प्लग यांचं जास्त ऐका.

पेडल एकदम दाबल्यावरचा क्षण वेगळा. हवा तत्काळ आत येते, पण इंजेक्टरमधून आलेलं थोडं पेट्रोल पाइपाच्या भिंतीला चिकटतं. त्या क्षणी मिक्स्चर लीन होतं आणि गाडी अडखळते. त्यासाठी ईसीयूमध्ये पेट्रोलचा छोटा जादा डोस असतो. तो नेहमी शेवटी सेट करायचा. आधी स्थिर तक्ता बरोबर करा. तक्त्यातला खड्डा जादा डोसनं बुजवला, की कधी झाकला जातो, कधी पुन्हा उघडा पडतो, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

सरासरीचा सापळा

आता मुख्य मुद्दा. लॅम्डा सेन्सर बसवतात कुठे? चारही एक्झॉस्ट पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे. म्हणजे त्याला चौघांची खिचडी मिळते.

समजा, तीन सिलिंडर ०.८४ वर आहेत आणि चौथा १.०० वर. सरासरी? ०.८८. स्क्रीनवर अगदी पुस्तकातला आकडा. ट्यूनर खूश, ड्रायव्हर खूश. चौथा सिलिंडर मात्र जास्त कम्प्रेशनवर, फुल लोडवर, थंडाव्यासाठी लागणाऱ्या जादा पेट्रोलशिवाय जळतोय. तिथे नॉकिंग सुरू होतं. आयटीबीच्या आवाजात ते ऐकू येत नाही. तीन-चार लॅप जातात, मग सरळ रस्त्यावर मागे पांढरा धूर. इंजिन उघडलं की तीन पिस्टन नव्यासारखे आणि चौथ्याच्या कडेला वितळून भोक. सगळे म्हणतात, ‘लॉग तर बरोबर होता.’ होताच. सरासरीचा.

चौथा वेगळा का झाला? कधी सिंक चुकलेलं असतं. कधी एक इंजेक्टर अर्धवट तुंबलेला. कधी एअरबॉक्सचा आकार असा असतो की टोकाच्या तुतारीला हवा वेगळी मिळते. म्हणून प्रत्येक सिलिंडरला वेगळं विचारायला हवं.

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे प्लग. फुल थ्रॉटलच्या रनमध्येच इग्निशन बंद करा, क्लच दाबा, गाडी थांबवा, चारही प्लग काढून एका ओळीत ठेवा. चारही सारखे दिसायला हवेत. एकाची चिनी माती पांढरीफटक किंवा त्यावर बारीक चकाकणारे कण दिसले, तर तिथेच थांबा. ते कण पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतात.

त्याच्या वरची पायरी, प्रत्येक एक्झॉस्ट पाइपात तापमानाचा प्रोब. इथे एक फसवणूक लक्षात ठेवा: एक्झॉस्टचं तापमान एका ठिकाणी सर्वात जास्त होतं आणि तिथून रिच किंवा लीन कुठेही गेलात तरी कमी होतं. म्हणून एक पाइप थंड दिसला म्हणजे तो सुरक्षित असं नाही, प्लगशी ताडून बघा. सगळ्यात चांगलं म्हणजे प्रत्येक पाइपात स्वतंत्र लॅम्डा सेन्सर. महाग आहे, पण डायनोच्या दिवसापुरते लावून काढले तरी चालतात.

फरक सापडल्यावर ईसीयूमधल्या सिलिंडरनिहाय ट्रिमनं पेट्रोल जुळवता येतं. पण आधी कारण शोधा. हवा असमान असेल तर हवा दुरुस्त करा. ट्रिम हे औषध आहे, जेवण नाही.

आणि हो, हे सगळं गाडी जशी रेसमध्ये पळणार तशाच अवस्थेत करा. एअरबॉक्स आणि फिल्टर बसवून. उघड्या तुताऱ्यांवर ट्यून करून नंतर बॉक्स लावला की लाटा बदलतात आणि तक्ता खोटा ठरतो. बीएमडब्ल्यूनं २००३ च्या एम३ सीएसएलला मोठा कार्बन फायबरचा एअरबॉक्स दिला आणि हवा मोजणारा मीटरच काढून टाकला, तेव्हा ईसीयूची गणितंही त्यासाठी वेगळी लिहिली. कंपनीला ते करावं लागलं, तर आपल्यालाही लागणारच.

इग्निशन सगळ्यात शेवटी. डायनोवर एक आरपीएम धरून टायमिंग एकेक अंशानं पुढे न्या आणि टॉर्क बघा. वाढ थांबली की तिथेच थांबा, हवं तर एक अंश मागे या. टॉर्क वाढत नसताना टायमिंग वाढवणं म्हणजे फक्त धोका विकत घेणं.

तुमचे प्रश्न

*किती हॉर्सपॉवर वाढेल?* स्टॉक कॅम आणि स्टॉक कम्प्रेशन असेल तर फारच थोडी, कधी शून्य. रिस्पॉन्स आणि आवाज मात्र नक्की मिळेल. कॅम, हेड, कम्प्रेशन, एक्झॉस्ट हे सगळं आधी झालेलं असेल, तर आयटीबी त्या सगळ्याला मोकळा श्वास देते.

*रस्त्यावरच्या गाडीला लावू का?* माझा सल्ला, नको. ब्रेक बूस्टरला लागणारा स्थिर व्हॅक्यूम कमी होतो आणि पेडल दगडासारखं होऊ शकतं. फिल्टर नसेल तर आपल्या रस्त्यांवरची धूळ सिलिंडरच्या भिंती सँडपेपरसारख्या घासते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे बदल करू देत नाही. ट्रॅकच्या गाडीवर करा, मनसोक्त करा.

*गाडी आयडलला वर-खाली होते, ईसीयू खराब आहे का?* बहुतेक वेळा नाही. पहिल्यांदा गळती, मग सिंक, मग थ्रॉटल सेन्सरचं शून्य, मग लिंकेजचा स्प्रिंग. चकती दर वेळी त्याच जागी परत येत नसेल तर अल्फा-एनच्या तक्त्यात दर वेळी वेगळाच खण उघडतो. लॅपटॉप पाचव्या नंबरवर.

*बाइकच्या थ्रॉटल बॉडी कारला चालतील का?* चालतात, लोक वर्षानुवर्षं वापरतायत. पण बाइकच्या दोन थ्रॉटलमधलं अंतर आणि तुमच्या हेडच्या पोर्टमधलं अंतर जुळत नाही. मधले ॲडॅप्टर नीट बनवलेले हवेत, आतल्या बाजूला पायरी राहता कामा नये. आणि सिंकची दुपार त्यातून सुटत नाही.

तर मंडळी, क्रम पाठ करून ठेवा: आधी इंजिनाची तब्येत, मग गळती, मग सिंक, मग सेन्सर, मग स्थिर पेट्रोल, मग सिलिंडरनिहाय तपासणी, मग इग्निशन, आणि जादा डोस सगळ्यात शेवटी. एखादा मित्र डायनोचा ग्राफ दाखवून ‘बघ, लॅम्डा कसला सरळ आलाय’ म्हणाला, तर त्याला शांतपणे एवढंच विचारा: ‘आणि चारही प्लग कसे दिसतात?’

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत रेस ट्रॅकवरच करा, रस्त्यावर हेल्मेट आणि सीटबेल्ट.